टँकचं पाणी, दर्याची लाट

पुण्यात समुद्र नाही, पण समुद्राच्या लाटा आहेत. खडकवासल्याला सीडब्ल्यूपीआरएसच्या, म्हणजे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राच्या आवारात मोठमोठ्या उथळ हौदांमध्ये बंदरांच्या प्रतिकृती बांधलेल्या असतात. हौदाच्या एका कडेला बसवलेलं यंत्र हव्या त्या उंचीच्या लाटा हव्या त्या अंतराने सोडत राहतं. १९१६ साली मुंबई इलाख्याच्या काळात सुरू झालेली ही संस्था. बंदराला नवा बांध घातला तर लाट कुठे वळेल, कुठे फुटेल, गाळ कुठे साचेल, हे आधी या हौदात बघायचं आणि मग समुद्रात दगड टाकायचे, असा शिरस्ता. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर बसून लाटांचा एवढा अभ्यास करणारं दुसरं शहर शोधावंच लागेल.

बाकी पुणेकराचा आणि लाटेचा संबंध बेताचाच. आपण पोहायला शिकतो ते टिळक टँकवर, सोसायटीच्या पूलमध्ये, नाहीतर गावी विहिरीत पाठीला डबा बांधून. या सगळ्या पाण्यांचा स्वभाव एकच, ते जागचं हलत नाही. हलायचं ते पोहणाऱ्याने. म्हणून श्रीलंकेला किंवा बालीला सुट्टीवर गेलेला, टँकमध्ये सलग पन्नास फेऱ्या मारणारा पुणेकर हौसेने सर्फिंगच्या पहिल्या क्लासला जातो आणि कमरेएवढ्या पाण्यात भांबावतो. हल्ली असे पुष्कळ जण जातात. परत आल्यावर मोबाइलमध्ये एक फोटो असतो. निळा किंवा पिवळा लांबलचक बोर्ड, त्यावर गुडघे वाकवून उभी असलेली आपली व्यक्ती, मागे पांढरा फेस. फोटोत दिसतं ते उभं राहणं. पण त्या दीड-दोन तासांत खरं शिकायला मिळतं ते पाण्याकडे बघणं, आणि उभं राहणं हे त्याचं बक्षीस, असं माझं मत झालंय.

वेलिगामाचंच घ्या. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाजवळचा हा रुंद, वाळूचा, हळूहळू खोल होत जाणारा उपसागर. नोव्हेंबर ते एप्रिल इथे शिकाऊ लोकांची झुंबड असते. आकाश निरभ्र, वारा मंद, आणि तरीही लाटा एकामागून एक, मापून सोडल्यासारख्या येतात. वारा नसताना लाट येते कुठून? तर ती इथली नसतेच. तिचा जन्म हजारो किलोमीटर दक्षिणेला, अंटार्क्टिकाभोवतीच्या महासागरात होतो. तिथे चाळीस ते साठ अंश अक्षांशांच्या पट्ट्यात वाऱ्याला अडवायला जमीन जवळपास नाही, त्यामुळे वादळं बारा महिने पाणी घुसळत असतात. वादळाच्या पोटात लाटांचा नुसता कालवा असतो. पण तिथून निघाल्यावर त्यांची आपोआप निवड होत जाते, कारण खोल समुद्रात लांब लाट जलद चालते आणि आखूड लाट मागे पडते. पंधरा सेकंदांनी येणाऱ्या लाटेचा माथा ताशी साधारण ८४ किलोमीटरने धावतो. अशा दोन माथ्यांमधलं अंतर साडेतीनशे मीटरच्या आसपास असतं. गंमत अशी, की लाटांचा तांडा मात्र त्याच्या निम्म्या वेगाने, ताशी ४२ किलोमीटरने पुढे सरकतो. तांड्यातली पुढची लाट विरते, मागून नवी उगवते. या हिशेबाने सहा हजार किलोमीटरवरच्या वादळाची लाट वेलिगामाला पोचायला सहा दिवस लागतात. शिकवणारा पोरगा मोबाइलवर बघून ‘परवा मोठ्या येणार’ असं बिनधास्त सांगतो, ते याच बळावर.

हे गणित बसवणाऱ्यांत वॉल्टर मंक हे मोठं नाव. दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवायचं तर त्या दिवशी लाटा किती असतील हे आधी कळायला हवं, या निकडीतून त्यांनी आणि हाराल्ड स्वेरद्रुप यांनी लाटांचा अंदाज बांधायची पद्धत तयार केली. युद्धानंतर मंक यांनी मेक्सिकोजवळच्या ग्वादालूप बेटापाशी लाटा मोजल्या, तर त्यातल्या काही थेट हिंदी महासागरातल्या वादळांतून निघालेल्या असाव्यात असं दिसलं. पुढे १९६३ मध्ये त्यांनी प्रशांत महासागरात एका रेषेत मोजणीची ठाणी मांडली आणि दक्षिणेकडच्या वादळांच्या लाटा अलास्कापर्यंत जाताना टिपल्या. आपल्याकडे हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्राच्या स्थितीचे अंदाज देते. केरळात कधी कधी वारा नसताना, आभाळ स्वच्छ असताना अचानक पाणी घरांत शिरतं. तिथले कोळी त्याला ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोर समुद्र म्हणतात. हा चोर त्याच दक्षिणेकडच्या वादळांचा.

लाट एवढा प्रवास करते, पाणी मात्र करत नाही. नारळी पौर्णिमेला बंदराबाहेर सोडलेला नारळ बघा. लाट आली की तो वर चढतो, थोडा पुढे जातो, मग खाली उतरून जवळपास मूळ जागी येतो. पाण्याचे कण गोल फिरतात आणि पुढे जाते ती ऊर्जा. ही व्यवस्था मोडते किनाऱ्यापाशी. लाटेच्या लांबीच्या निम्म्याइतकी खोली उरली की लाटेला तळ लागू लागतो. ती सावकाश होते, मागच्या लाटा जवळ येतात, उंची वाढते. खालचं पाणी रखडतं, माथा पुढे झुकतो आणि लाट फुटते. उथळ उताराच्या किनाऱ्यावर ढोबळ हिशेब असा, की लाटेच्या उंचीच्या सव्वापट-दीडपट खोलीत ती फुटते. मीटरभर उंचीची लाट फुटताना दिसली तर तिथे पाणी छाती-गळ्याएवढं आहे, हे किनाऱ्यावर उभं राहून सांगता येतं. उतार मंद असेल तर लाट माथ्यावरून फेस सांडत सांडत लांबवर येते. तळ अचानक वर आला, विशेषतः प्रवाळाचा खडक असेल, तर ती कमानीसारखी वळून धाडकन कोसळते. सर्फिंगच्या जाहिरातीतली निळी पोकळ नळी ही दुसऱ्या जातीची लाट. पहिल्या क्लासला आपल्या वाट्याला येते पहिल्या जातीची, आणि तीही फुटून गेल्यावर उरलेला पांढरा फेस. त्यात कमीपणा काही नाही.

क्लासची सुरुवात वाळूत होते. बोर्ड आठ-नऊ फुटी, वरून मऊ फोमचा. आकारमान ऐंशी लिटरच्या घरात. लिटरमागे किलोभर वजन पाणी उचलून धरतं, म्हणजे सत्तर किलोचा माणूस त्यावर नुसता पालथा पडला तरी बुडत नाही. तरबेज सर्फरचा बोर्ड याच्या निम्म्याहून लहान आकारमानाचा असतो. त्याला पाणी उचलत नाही, वेग उचलतो. नवख्याने बारीक, चकचकीत बोर्डाचा हट्ट धरला तर समजावं, की तास वाया जाणार. शिकवणारा आधी पाठीमागून हलकेच ढकलतो. तोल सावरायला जो पाय पुढे पडेल, त्यावरून उभं कसं राहायचं ते ठरतं. डावा पाय पुढे असेल तर ‘रेग्युलर’, उजवा असेल तर ‘गूफी’. मागच्या पायाच्या घोट्याला लीश, म्हणजे बोर्डाला जोडलेली दोरी बांधतात. ही दोरी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात रुजली. सुरुवातीच्या दोऱ्या दवाखान्यातल्या रबरी नळीच्या होत्या आणि फार ताणल्या जायच्या. ‘ओनील’ कंपनीचे जॅक ओनील यांचा एक डोळा १९७१ मध्ये असाच बोर्ड उसळून परत आल्याने गेला. त्यानंतरही एका डोळ्यावर पट्टी लावून ते सर्फिंग करत राहिले. दोरी नव्हती तेव्हा बोर्ड सुटला की पोहत किनारा गाठण्यावाचून इलाज नसे.

मग वाळूवर पालथं पडून कवायत. तळहात छातीच्या बाजूला, छाती वर, आणि एका झटक्यात दोन्ही पाय खाली घेऊन उभं. पुण्यात ज्याला सूर्यनमस्कारांची सवय आहे त्याला हे सोपं जातं, कारण भुजंगासनातून पाय हातांजवळ आणण्याचाच हा घाईतला प्रकार आहे. फरक एवढाच, की इथे पाय एकामागे एक, आडवे पडतात आणि गुडघे वाकलेलेच राहतात. वाळूत सगळ्यांना जमतं. पाण्यात गेल्यावर माणूस पहिल्यांदा खाली बघतो, आपला पाय कुठे पडला ते. डोकं खाली गेलं की वजन पुढे जातं, बोर्डाचं नाक पाण्यात घुसतं आणि स्वारी तोंडावर आपटते. ‘लुक बीच, नो लुक फीट!’ ही आरोळी वेलिगामाच्या किनाऱ्यावर सकाळभर ऐकू येत असते.

लाट पकडणं म्हणजे काय, तर तिच्या वेगाला वेग मिळवणं. उथळ पाण्यात लाटेचा वेग फक्त खोलीवर ठरतो. मीटरभर पाण्यात तो ताशी सुमारे अकरा किलोमीटर. हाताने वल्हवून नवखा माणूस याच्या निम्माही वेग गाठत नाही. म्हणून पहिल्या दिवशी शिकवणारा पाण्यात मागे उभा राहून नेमक्या क्षणी बोर्ड ढकलतो. त्या ढकलण्यात सगळं कसब असतं आणि श्रेय आपण खुशाल घेतो. ढकल जरा उशिरा मिळाली तर लाट खालून निघून जाते, लवकर मिळाली तर डोक्यावर फुटते. वेळ साधली की बोर्ड एकदम हलका होतो, तळाखाली पाणी खरखरतं, आणि उभं राहायला दोन-तीन सेकंद मिळतात. त्या सेकंदांत विचार करायला सवड नसते, हे बरंच म्हणायचं.

पडणं हाही अभ्यासक्रमाचाच भाग. डोक्यावर सूर मारायचा नाही, आडवं, पसरून पडायचं, कारण खाली पाणी किती आहे याचा भरवसा नाही. वर येताना आधी हात डोक्यावर, मग डोकं बाहेर, कारण आपलाच बोर्ड वर घिरट्या घालत असतो. आणि पाण्यातून चालताना बोर्ड कधीही आपण आणि लाट यांच्या मधे धरायचा नाही, बाजूला धरायचा. हे शेवटचं वाक्य कुणी मनावर घेत नाही. एकदा बोर्ड हनुवटीवर बसला की घेतात.

या सगळ्याहून मोलाचा वाटतो तो धडा रिप करंटचा. लाटा किनाऱ्याकडे जे पाणी लोटतात ते कुठून तरी परत जायला हवं. ते पसरून जात नाही. वाळूच्या दांड्यामधली जरा खोल वाट शोधून तिथून ओढ्यासारखं बाहेर पडतं. खोली जास्त, म्हणून त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, फेस नसतो, पाणी गडद आणि शांत दिसतं. अनोळखी माणूस मुलांना घेऊन नेमका तिथेच उतरतो. जोराचा रिप सेकंदाला दोन मीटरने बाहेर ओढतो. टँकमध्ये शंभर मीटर दीड मिनिटात मारणारा चांगला पोहणाराही सेकंदाला एक मीटरच्या थोडा वरच असतो. म्हणजे सरळ किनाऱ्याकडे पोहण्याचा हट्ट केला तर दम संपणार, हे नक्की. रिप खाली खेचत नाही, बाहेर नेतो. घाबरून हातपाय न मारता तरंगायचं, हात वर करून मदत मागायची, आणि दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर यायचं. सर्फर याच पट्ट्याचा वापर बिनखर्चाची ने-आण म्हणून करतात. पुणेकरांनी हे शिकायला हवं असं म्हणण्यामागे कारण आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. दर सुट्टीत कोकणातून अशा बातम्या येतात आणि बुडणारे बहुतेकदा घाटावरचे असतात.

अर्थात सगळेच पुणेकर टँकपुरते नाहीत. रोहन मोरे या पुण्याच्या जलतरणपटूने इंग्लिश खाडीपासून न्यूझीलंडच्या कुक सामुद्रधुनीपर्यंतच्या सात खाड्या पोहून २०१८ मध्ये ‘ओशन्स सेव्हन’ पूर्ण केलं, आणि असं करणारा तो पहिला आशियाई ठरला. या सातांतली एक हवाई बेटांमधली, मोलोकाई आणि ओआहू यांच्या मधली. सर्फिंगचं माहेर तेच. ओआहूच्या वाइकीकी किनाऱ्यावर राजे-सरदारांपासून सामान्य बायका-पोरांपर्यंत सगळे लाकडी फळ्यांवर लाटा खेळत. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीतला अधिकारी जेम्स किंग याने १७७९ मध्ये हवाईतल्या या खेळाचं वर्णन लिहून ठेवलं. मार्क ट्वेनने १८६६ मध्ये तिथे फळी घेऊन प्रयत्न केला, पालथा पडला, आणि हे तिथल्या लोकांनाच जमतं असा निकाल देऊन मोकळा झाला. पहिल्या क्लासनंतर निम्म्या जगाचं हेच मत असतं. एकोणिसाव्या शतकात परदेशी रोगांनी हवाईची लोकसंख्या झपाट्याने घटवली आणि खेळही आटला. तो जगभर नेला ड्यूक कहानामोकूने. १९१२ आणि १९२० च्या ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटरचं सुवर्ण जिंकलेला हा पोहणारा १९१४-१५ च्या उन्हाळ्यात सिडनीला गेला असताना त्याने फ्रेशवॉटर किनाऱ्यावर सर्फिंग करून दाखवलं आणि ऑस्ट्रेलियाला वेड लावलं. बालीत कुटाच्या किनाऱ्यावर १९३६ च्या सुमारास हॉटेल काढणारा बॉब कोक हा अमेरिकन पाहुण्यांना बोर्ड द्यायचा. म्हणजे परदेशात फिरायला गेलेल्या माणसाने हॉटेलच्या दारात सर्फिंग शिकणं, हा प्रकार आजचा नव्हे.

मग एवढा आपला किनारा असताना लोक श्रीलंकेला का जातात? उत्तर शाळेच्या भूगोलात आहे. सर्फिंगला लांबून आलेली लाट हवी आणि वारा जमिनीवरून समुद्राकडे हवा. असा वारा लाटेचा माथा सावरून धरतो. उलटा वारा तिला विस्कटतो. नोव्हेंबर ते एप्रिल ईशान्य मोसमी वारे वेलिगामाला जमिनीवरून येतात. नैर्ऋत्य मोसमी सुरू झाला की तीच बाजू खवळते आणि मंडळी बेटाच्या पूर्वेला अरुगम बेला जातात. तिथे हाच वारा सोयीचा. बालीत कुटाला साधारण एप्रिल ते ऑक्टोबर आग्नेयेकडून वारा येतो, तेव्हा पश्चिम किनारा नीटनेटका असतो. कोकणात गाडं इथेच अडतं. दक्षिणेकडच्या लाटा जोरात असतात तो काळ आपल्या पावसाळ्याचा. तेव्हा वारा समुद्राकडून जमिनीकडे, लाटा उंच पण आखूड आणि बेशिस्त. मासेमारीही तेव्हा बंद. हिवाळ्यात सकाळी मतलई वारे सुटतात, पाणी काचेसारखं होतं, पण लाट गुडघ्याएवढी. कधी अरबी द्वीपकल्पाकडच्या शमाल वाऱ्यांनी उठलेल्या लाटा वायव्येकडून रत्नागिरी-गोव्यापर्यंत येतात, तेवढीच चैन. त्यात मुंबईसमोर समुद्राखालचा उथळ चबुतरा तीनशे किलोमीटरच्या आसपास रुंद. लांबून आलेल्या लाटेचा जोर तळाशी घासून बराच ओसरतो. श्रीलंकेभोवती हा चबुतरा अगदी अरुंद आहे.

भरती-ओहोटीचाही फरक आहे. वेलिगामाला पाणी मीटरभरही चढत-उतरत नाही. मुंबईकडे पौर्णिमा-अमावास्येला ते चार मीटरच्या वर जातं, म्हणजे सकाळी जिथे लाट फुटत होती तिथे दुपारी पाण्याचा मागमूस नसतो. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब अजून कामाला येतो. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे. सहलीला निघताना पंचांग नाहीतर भरतीचं वेळापत्रक बघणारा पर्यटक मात्र विरळा.

भारतात शिकायचंच तर सोय आहे. कर्नाटकात मुल्कीला जॅक हेब्नर या ‘सर्फिंग स्वामीं’च्या आश्रमातून २००४ मध्ये मंत्रा सर्फ क्लब उभा राहिला. चेन्नईजवळच्या कोवलम गावात कोळ्यांच्या पोरांनी सर्फिंगची शाळाच करून टाकली. २०२५ मध्ये मामल्लपुरमला आशियाई स्पर्धा भरली, तिथे रमेश बुदिहाळने कांस्यपदक मिळवलं. टोकियोपासून हा खेळ ऑलिम्पिकमध्येही आहे. पुण्याहून जवळचा पर्याय गोव्याचा. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल या उत्तरेकडच्या किनाऱ्यांवर पावसाळा सोडून क्लास चालतात. लाटा लहान असतात, म्हणून मुलांना आणि पन्नाशीच्या पुढच्यांना त्या उलट बऱ्या.

बाहेर जाणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी तीन-चार गोष्टी विचाराव्यात. एका शिकवणाऱ्यामागे किती जण? चारपेक्षा जास्त असतील तर दुसरीकडे जावं. तळ वाळूचा की प्रवाळाचा? वेळ सकाळची मिळेल का? प्रवासाच्या विम्यात साहसी खेळ धरलेत का, हे मात्र पुण्यातूनच वाचून निघावं, कारण पुष्कळ पॉलिसींत ते वगळलेले असतात. अंगात पूर्ण बाह्यांचा घट्ट टी-शर्ट हवा. नाहीतर फोमवर पोट आणि कोपरं सोलवटतात आणि खारं पाणी त्याची रात्रभर आठवण देतं. चष्मा किनाऱ्यावरच ठेवायचा. चष्म्याशिवाय लाट दिसते का, ही शंका रास्त आहे. दिसते, आणि जवळ आल्यावर ऐकूही येते.